टोकाची खोली

आमच्या घरात फुटबॉल शिरला तो नातवाच्या अंगावरून. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत, किल्ल्यावर मावळे मांडून झाल्यावर त्याने जो तांबडा सदरा अंगात चढवला तो भाऊबीजेपर्यंत उतरवला नाही. सदऱ्यावर मँचेस्टर युनायटेडचे चिन्ह. तेव्हापासून सामना असला की टीव्हीपुढे तो आणि मागे आरामखुर्चीत मी, अशी आमची बैठक ठरून गेली आहे. ऑफसाइड मला अजून नीट कळत नाही. पण संघ हरला की शिव्या कोणाला द्यायच्या हे मात्र चटकन कळले. मॅनेजरला!

मॅनेजर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बँकेतला नाही तर नाटक कंपनीतला गृहस्थ उभा राहतो. इंग्लंडातला फुटबॉलचा मॅनेजर म्हणजे घरचा कर्ता पुरुष. संघ त्याने निवडायचा, घोटून तयार करायचा, आणि हरला की घराबाहेरही त्यानेच पडायचे.

"आजोबा, फर्ग्युसन गेल्यापासून एक धड माणूस मिळाला नाही बघा," नातू एकदा कळवळून म्हणाला. अॅलेक्स फर्ग्युसनने १९८६ पासून २०१३ पर्यंत हा संसार केला, १३ वेळा लीग जिंकून दिली, आणि जाताना डेव्हिड मॉयेसला गादीवर बसवले. करार ६ वर्षांचा. मॉयेस टिकला १० महिने. त्या महिन्यांत संघ हरू लागला की कॅमेरा प्रेक्षकांकडे वळे. तिथे वर, मानाच्या जागी, फर्ग्युसन बसलेले असत.

मास्तरकी सुटली तरी खोड सुटत नाही. मी या क्लबचा मागचा इतिहास वाचू लागलो, आणि मला या नाटकाचा पहिला प्रयोग सापडला.

मॅट बस्बी १९४५ साली या क्लबचा मॅनेजर झाला तेव्हा मैदान बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झालेले होते. त्याने पोरवयातल्या खेळाडूंचा संघ उभारला. १९५८ च्या ६ फेब्रुवारीला म्यूनिकला विमानाचा अपघात झाला; २३ जण गेले, त्यांत ८ त्याचे खेळाडू. बस्बी स्वतः मरता मरता वाचला, परत आला, नवा संघ बांधला, आणि १९६८ साली युरोपियन चषक घेऊन आला. असा माणूस निवृत्त झाला तर त्याच्या जागी बसायचे कोणी?

बसला विल्फ मॅकगिनेस. वय ३१. बस्बीच्याच हाताखाली वाढलेला. पाय मोडल्यामुळे ऐन बाविशीत खेळ संपलेला. १९६९ साली त्याच्या हाती संघ दिला तो मुख्य प्रशिक्षक म्हणून. बस्बी सर्वाधिकारी म्हणून वर होतेच. संघात बॉबी चार्लटन, याच्याहून १४ दिवसांनी मोठा! कालपर्यंत ज्याच्या खांद्यावर हात टाकून हिंडलो त्याला आज "धाव" म्हणून हुकूम कसा सोडायचा? तरी तीन वेळा त्याने संघ चषकाच्या उपान्त्य फेरीत नेला, आणि तिन्ही वेळा हरला. शेवटचा पराभव तर तिसऱ्या विभागातल्या अॅस्टन व्हिलाकडून. १९७० च्या डिसेंबरात त्याला दूर केले आणि बस्बी पुन्हा खुर्चीत बसले. मॅकगिनेस पुढे ग्रीसमध्ये शिकवायला गेला. तिथे त्याच्या डोक्यावरचे केस झडून गेले.

मग १९७१ साली आला फ्रँक ओ'फॅरेल. आयर्लंडातल्या कॉर्कचा, तरुणपणी आगगाडीच्या इंजिनात कोळसा टाकलेला, सभ्य, मितभाषी. त्याने पुढे सांगितलेली एक गोष्ट वाचून मी पुस्तक मिटवून ठेवले. तो कामावर रुजू व्हायला आला तेव्हा मॅनेजरच्या मोठ्या खोलीत बस्बीच होते, आणि याच्यासाठी व्हरांड्याच्या टोकाला एक लहानशी खोली काढून ठेवली होती. मोठी खोली त्याला मागून घ्यावी लागली. खोली मिळाली, पण खेळाडूंची गाऱ्हाणी जुन्या पत्त्यावरच जात राहिली. त्या वर्षी नाताळपर्यंत संघ पहिला होता. मग लीगचे ओळीने ७ सामने हरला. १९७२ च्या डिसेंबरात क्रिस्टल पॅलेसने ५-० असा धुव्वा उडवला आणि तीन दिवसांत ओ'फॅरेल घरी गेला. त्याने आणलेला मार्टिन बकन १९७७ साली कप्तान म्हणून चषक उंचावत होता, तेव्हा ओ'फॅरेलची आठवण कितीजणांना झाली असेल?

बस्बींचे मन वाईट होते असे मला क्षणभरही वाटत नाही. तेच तर अवघड आहे. शेजारच्या लिव्हरपूलमध्ये बिल शँक्ली १९७४ साली निवृत्त झाले नि रोज सकाळी सरावाला जाऊ लागले. खेळाडू नव्या मॅनेजरसमोर त्यांनाच "बॉस" म्हणत. शेवटी तिथे आपण नकोसे झालो आहोत हे शँक्लींना जाणवले, आणि ते फार दुखावले. पण नव्या मॅनेजरने, बॉब पेझलीने, ९ वर्षांत ६ वेळा लीग जिंकली.

मी पुस्तक का मिटवले ते सांगतो. शाळेतून निवृत्त झाल्याला मला तीन वर्षे झाली. नवा मुख्याध्यापक माझाच विद्यार्थी. दर गुरुवारी मी सहज म्हणून शाळेत डोकावतो. मी दारात दिसलो की "या सर" म्हणत तो खुर्ची सोडून उभा राहतो. "अरे बस, बस," असे मी म्हणतो, आणि बसतो. मग एकेक शिक्षक येतो, हळूच म्हणतो, "सर, तुमच्या वेळी असं नव्हतं." हे वाक्य किती गोड लागते ते निवृत्त माणसालाच ठाऊक! एकदा तर त्याने केलेले वेळापत्रक मी तिथल्या तिथे लाल पेन्सिलीने दुरुस्त करून दिले होते. तो "बरं सर" म्हणाला. गेल्या महिन्यात कळले, पुन्हा साधा शिक्षक करा असा अर्ज त्याने संस्थेकडे दिला आहे. मी घरी म्हणालो, "पोरगा लेचापेचा निघाला."

परवाच्या गुरुवारी मी गेलो नाही. संध्याकाळी शाळेचा शिपाई दारात हजर. "सर, तब्येत बरी आहे ना? साहेबांनी बघून यायला सांगितलंय." ठणठणीत आहे म्हटले, बसवले, चहा दिला. बशीतला शेवटचा घोट घेत तो म्हणाला, "आज नवीन वेळापत्रक लागलं, सर. साहेबांनी स्वतः बसून केलंय."

"गणिताचा तास सकाळीच ठेवलाय ना?" माझ्या तोंडून निघून गेले.