मूठभर दाणे, टोपभर लाह्या

डायबेटिसच्या माणसाचं पथ्य सकाळी मोडत नाही, दुपारीही सहसा मोडत नाही. ते मोडतं संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान. जेवणात भाकरी किती, भात किती हे मोजता येतं. पण असरची नमाज झाली, चहा झाला, की त्यानंतर जे तोंडात टाकायला हवं असतं त्याला माप नसतं. त्यात आमचा मिरज-सांगलीचा भाग. घरोघरी भडंगाचा डबा. पाहुणा आला की भडंग, कुणी नाही आलं तरी भडंग.

अब्बांना शुगर होऊन बरीच वर्षं झाली. गोळ्या वेळेवर, सकाळचं चालणं वेळेवर. मग गेल्या वर्षी डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम दिसला आणि एका डोळ्याला लेझर करावं लागलं. रोज फजरनंतर कुरआन उघडून बसणारा माणूस, त्याला डोळ्यांची भीती किती वाटली असेल हे मी सांगायला नको. त्या भीतीने त्यांनी सगळंच सोडलं. बिस्कीट सोडलं, खारी सोडली, भडंग सोडलं. चांगलंच झालं म्हणाल, पण संध्याकाळी अंगणात त्यांचे दोस्त यायचे, त्यांच्यापुढे बशा आणि अब्बांपुढे नुसता बिनसाखरेचा चहा. हळूहळू अब्बा चहाच्या वेळी आत येऊन बसायला लागले. पोटाची भूक एकवेळ काकडीने भागते. चार माणसांत रिकाम्या हाताने बसणं मात्र अवघड असतं.

पॉपकॉर्न आमच्या घरात आलं ते या कारणाने.

पहिल्या दिवशी अब्बांनी वाडगा बघितला आणि म्हणाले, "ये बच्चोंका खाना मेरेकु कायकु देरी गे?" सिनेमागृहात मिळतो तो पिवळाधमक, लोण्याच्या वासाचा प्रकार त्यांच्या डोळ्यांसमोर होता. त्यांचं चुकलं नव्हतं. पॉपकॉर्नला आपल्याकडे चैनीच्या वस्तूचा मान आहे, आणि त्या बादलीत तेल-मीठ इतकं असतं की मका कुठे आहे ते शोधावं लागतं. पण नाव बाजूला ठेवलं तर ही मक्याची लाही. अख्खं धान्य, कोंड्यासकट. दातात अडकतं ते टरफल म्हणजेच तो कोंडा.

इथे भडंगाबद्दल बोलायलाच हवं, कारण "चिरमुरे हलके असतात, चालतात" असं मला शिकल्या-सवरलेल्या बायकांनीही सांगितलंय. हलके असतात, खरंय. पण चिरमुरा म्हणजे कोंडा निघून गेलेला तांदूळ. त्यात फायबर जवळजवळ नाही, आणि रक्तातली साखर तो झपाट्याने वाढवतो. वर भडंगाला तेलाची फोडणी असते ती वेगळीच. शेव-फरसाणाचं तर विचारू नका, १०० ग्रॅममध्ये ५०० च्या वर कॅलरी.

आता लाह्यांचा हिशोब. ३० ग्रॅम दाणे, म्हणजे माझी एक लहान मूठ. फुटल्यावर जवळपास लिटरभराचं भांडं भरतं. कॅलरी सव्वाशेच्या आत, फायबर साधारण ४ ग्रॅम, प्रोटीन तीन-साडेतीन ग्रॅम. एक छोटा चमचा तेल घातलं तर आणखी चाळीसेक कॅलरी. पण म्हणून मनसोक्त खा, असं नाही. पिष्ट पदार्थ त्यात आहेच. ३० ग्रॅम दाणे म्हणजे तेवढ्याच पिठाची एक चपाती समजायची आणि रात्रीच्या जेवणात ती धरायची. फरक इतकाच की चपाती चार घासांत संपते आणि लाह्यांचा वाडगा गप्पा संपेपर्यंत पुरतो. आमच्यासाठी तोच फरक मोठा होता.

करायची रीत सोपी आहे. जाड बुडाचा टोप, चमचाभर शेंगदाणा तेल, आधी तीनच दाणे. ते फुटले की बाकीची मूठ घालायची. झाकण किंचित फटीने ठेवायचं, वाफ कोंडली तर लाह्या वातड होतात. तडतड विरळ झाली की गॅस बंद. मीठ मिक्सरमध्ये अगदी बारीक करून ठेवलंय, चिमूटभर सगळीकडे लागतं. दिवसभरात एकूण ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि अब्बांना बीपीही आहे. मिठाची कसर जिरेपूड आणि मिऱ्याने भरून निघते. साखरेचा पाक चढवलेलं कॅरॅमल पॉपकॉर्न मात्र आमच्या उंबऱ्याच्या बाहेर. डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी कौन्सिलने सुट्या खाऱ्या पॉपकॉर्नला ५ टक्के आणि कॅरॅमलला १८ टक्के कर असा खुलासा केला तेव्हा देशभर थट्टा झाली. मीही हसले. पण साखर घातली की ती मिठाई झाली, हे त्यातलं म्हणणं डायबेटिसवाल्यांनी तरी हसण्यावारी नेऊ नये.

आणखी एक, आणि हे गंभीरपणे. माझ्या बहिणीचा धाकटा तीन वर्षांचा आहे. तो आला की वाडगा फडताळावर जातो. चार वर्षांखालच्या मुलाच्या घशात लाही किंवा न फुटलेला दाणा अडकू शकतो. रडला तरी द्यायची नाही.

दाण्याच्या आत १३-१४ टक्के ओलावा असतो. १८० अंशांच्या आसपास त्याची वाफ टरफल फोडते आणि मऊ झालेला पिष्ट भाग फुलून बाहेर येतो. दाणे जुने होऊन सुकले की गणंगच जास्त राहतात. मग बरणीत थोडं पाणी शिंपडून, हलवून, दोन-तीन दिवस बंद ठेवायची. हे मी शेजारच्या काकूंना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, मग आम्ही नागपंचमीला ज्वारी ओलवून ठेवतो ती कशाला?" त्यांच्या सासूबाई लाह्यांची ज्वारी आदल्या रात्री ओल्या फडक्यात बांधून ठेवायच्या.

रमजानमध्ये तरावीहून आल्यावर जी खा-खा सुटते, तिलाही यंदा हाच वाडगा पुरला. इफ्तारची भजी काही बंद झाली नाहीत, खोटं कशाला सांगू. आठवड्याला दोनदा यावर तह झालाय. अब्बा पुन्हा अंगणात बसतात. दोस्तांपुढे भडंग असतं, त्यांच्यापुढे लाह्या, आणि दोस्तांचे हात हळूच लाह्यांकडे वळतात म्हणून मी आता दोन मुठी टाकते.

नागपंचमीला काकूंनी ज्वारीच्या लाह्या पाठवल्या. छोट्या, पांढऱ्याशुभ्र. अब्बांनी बोटांनी चाचपून, सावकाश खाऊन पाहिल्या आणि निकाल दिला, "ये अच्छे हैं. दाँत में नै अटकते. उनकु पूछ, कैसे बनाते."