सूडाच्या वाटेवरील मोकळी दुपार

मारामारीच्या व्हिडिओ गेममधील निवांत क्षण खेळणाऱ्याला का हवेसे वाटतात? दमलेल्या बोटांना विसावा मिळतो, हे उत्तर सोयीचे आहे, पण अपुरे आहे. यु सुझुकी यांनी सेगा कंपनीसाठी घडवलेला ‘शेनम्यू’ (१९९९) हा जपानी खेळ या संदर्भात तपासून पाहण्याजोगा ठरतो.

कथानक सूडाचे आहे. १९८६ च्या नोव्हेंबरअखेरीस, योकोसुका शहरात, तरुण रियो हाझुकीच्या डोळ्यांदेखत त्याच्या वडिलांची हत्या होते. रौद्राचा स्थायीभाव क्रोध पहिल्याच प्रसंगात जागा होतो. त्यानंतर मात्र खेळणाऱ्याच्या वाट्याला बरेचसे येते ते वाट पाहणे. खेळातील घड्याळ आपल्या गतीने चालते. रात्रीचा बार दुपारी उघडत नाही. मधल्या वेळात रियो यंत्रात नाणे टाकून चिमुकली खेळणी जमवतो, गेमपार्लरमध्ये सुझुकी यांचाच ‘हँग-ऑन’ (१९८५) खेळतो, देवळापाशी मांजराच्या पिलाला खाऊ घालतो. त्या पिलाची आई मारेकऱ्यांच्याच गाडीखाली सापडलेली असते. म्हणजे एकाच आघाताला येथे दोन उत्तरे आहेत: एक मुठीचे, दुसरे उघड्या तळहाताचे. दुसऱ्याने सूड एका पावलानेही पुढे सरकत नाही. त्याची गोडी या निरुपयोगातच आहे.

अभिनवगुप्तांनी रसविचारात योजलेली ‘विश्रांती’ ही संज्ञा येथे आठवते. ही विश्रांती म्हणजे श्रमपरिहार नव्हे. जाणिवेने अन्य कशाचीही अपेक्षा न ठेवता स्वतःत स्थिरावणे होय. प्रेक्षकाला ती आस्वादातून लाभते. खेळणाऱ्याला मात्र ती स्वतःच्या हातांनी, काहीही न साधता, कमवावी लागते. ‘शेनम्यू २’ (२००१) मध्ये नेमलेली वेळ थेट गाठून देणारी सोय आली. कंटाळा टळला; पण कंटाळ्याबरोबर येणारी, कोणाच्याही मालकीची नसलेली दुपारही आक्रसली. ज्याचा दिवस कामाच्या तासांनी आखलेला आहे, अशा प्रौढ खेळणाऱ्याला ही हानी अधिक जाणवावी, यात नवल नाही.

तिसऱ्या भागातही (२०१९) रियोचा सूड पुरा झाला नाही. कथा अपुरीच राहिली आहे. पिलाला खाऊ घातलेली दुपार मात्र त्या दिवशीच पूर्ण झाली होती.