मधली भिंत

आमच्या घराच्या मधोमध एक भिंत आहे. ती वडिलांनी बांधलेली नव्हे. आम्हा दोघा भावांनी बांधवून घेतलेली. १९९८ च्या उन्हाळ्यात वाटणी झाली, तेव्हा माजघरात टेप धरून मध्य काढला गेला. नेमका त्याच मध्यावर आमचा शिसवी झोपाळा टांगलेला होता. तो उतरवला, कड्या काढल्या आणि आठवडाभरात ओसरीपासून परसापर्यंत भिंत उभी राहिली. विहीर तेवढी सामाईक राहिली. विहिरीत भिंत घालता येत नाही, म्हणून!

भांडी मोजली गेली, पाट मोजले गेले. शेवटी उरली ती आईची वही. आई आदल्याच वर्षी गेली होती. लाल कापडी बांधणीच्या त्या वहीत काय नव्हते? नातवंडांच्या जन्मवेळा, खोकल्याचे काढे, कुणाच्या लग्नात कोणता आहेर आला त्याची याद, पुरणाचे प्रमाण. ती दादाला हवी होती आणि मलाही. तेव्हा दोघांपैकी एकजण - आता या वयात खरे सांगायला हरकत नाही, मीच - म्हणालो, "अर्धी अर्धी करा." आणि सुरीने बांधणी मधोमध चिरली.

सुरी फिरली ती अनारशांच्या दोन पानांमधून. तांदूळ किती दिवस भिजवायचे, गूळ किती घ्यायचा, हे दादाकडे गेले. तळायचे कसे, ते माझ्याकडे आले. तेव्हापासून दर दिवाळीला आमच्याकडचे अनारसे तुपात पडताच हसतात. अनारसा हसला की घरात दुसरे कोणीही हसत नाही, हे वाचकांतल्या गृहिणींना सांगायला नको.

दादाची मुलगी मुक्ता मात्र भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारख्याच हक्काने वावरते. भिंत तिच्या जन्माआधीची. त्यामुळे तिला तिचे काही वाटत नाही. पुण्याला ती सूक्ष्म जंतूंचा अभ्यास करते. गेल्या दिवाळीत आमच्या स्वयंपाकघरात येऊन तिने आपला संगणक उघडला आणि म्हणाली, "काका, या. तुम्हाला एक वाटणी दाखवते."

पडद्यावर करड्या रंगाच्या बारीक कांड्या होत्या. मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढा एकेक जंतू. आपल्या आतड्यात राहणारा हा जीव एशेरिच नावाच्या वैद्याने १८८५ साली प्रथम वर्णिला, म्हणून त्याला त्यांचेच नाव मिळाले. पाहता पाहता एक कांडी लांब झाली, मध्ये आवळली आणि तिच्या दोन झाल्या. खायला भरपूर असले तर हे वीस मिनिटांत होते.

"म्हणजे आमच्यापेक्षा लवकर उरकतात," मी म्हणालो.

"लवकर, पण घाईने नाही," ती म्हणाली. "आधी काय करतात ते तर ऐका."

या जीवाचा सगळा वारसा एका लांब धाग्यात लिहिलेला असतो. सुमारे ४६ लाख अक्षरांची ती पोथी. उलगडून ताणली तर दीड मिलिमीटरहून लांब भरेल, म्हणजे त्याच्या अंगाच्या शेकडो पट. वाटणी करण्यापूर्वी तो ही पोथी पहिल्यापासून शेवटपर्यंत उतरून काढतो. या कामाला चाळीस मिनिटे लागतात आणि नंतरच्या आवराआवरीला आणखी वीस. माझ्यातला जुना गणिताचा मास्तर लगेच जागा झाला. "साठ मिनिटांचे काम वीस मिनिटांत कसे बसेल?" मुक्ता हसली. कूपर आणि हेल्मस्टेटर यांनी १९६८ साली याचेच उत्तर दिले होते. एक प्रत पुरी होण्याआधीच तिच्यावरून दुसरी प्रत सुरू झालेली असते. लेकीचीच नव्हे, नातीची आणि पणतीची पोथीसुद्धा आजीच्या पोटातच लिहायला घेतलेली असते! आपल्याकडच्या आज्या लेकीच्या लेकीसाठी दुपटी शिवून ठेवतात, त्यातलाच हा प्रकार.

मग भिंत. एफटीएसझेड नावाच्या प्रथिनाचे कण एकत्र येऊन पेशीच्या मध्यावर आतून एक कडे तयार करतात. बी आणि लुटकेनहाउस या दोघांनी हे कडे १९९१ साली दाखवून दिले. त्या कड्याच्या खुणेने भिंत आत आत येते आणि मिटते.

"पण मध्य कोण काढतो? टेप कुठली त्यांच्याकडे?"

"झोपाळा असतो," मुक्ता म्हणाली.

मी चमकलो. मिन नावाची काही प्रथिने आहेत, ती पेशीच्या एका टोकाला गोळा होतात, तिथून सुटतात, दुसऱ्या टोकाला जमतात. असे हेलकावे सतत चालू असतात. रास्किन आणि डी बोअर यांनी ते १९९९ साली पाहिले. जिथे ही प्रथिने रेंगाळतात तिथे कडे बनू शकत नाही. झोपाळा टोकांना रेंगाळतो आणि मधून भरकन निघून जातो. म्हणून कड्याला जागा मिळते ती मधलीच. झोपाळ्याने मध्य सांगायचा असतो. आम्ही मध्य सापडल्यावर झोपाळाच काढून टाकला.

इतक्यावर त्यांचे समाधान नाही. पोथीवर काही राखणदार बसलेले असतात, ठेव्यावर नागोबा बसावा तसे. ते आपल्या जवळपास कडे बनूच देत नाहीत. दोन प्रती दोन बाजूंना सरकल्या की मधली जागा मोकळी होते. आणि पोथीची मोडतोड झालीच, तर एक निराळे प्रथिन येऊन कड्याचे काम थांबवते. पेशी लांबत राहते, पण दुरुस्ती होईपर्यंत वाटणी तहकूब.

"आणि झोपाळा बिघडला तर?" मी विचारले.

"तर भिंत कधी कधी टोकाजवळ पडते. एक चिमुकली पेशी सुटी होते. तिच्यात पोथी नसते. ॲडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली अशा पेशी वर्णन केल्या. त्या काही काळ टिकतात; पण त्यांचा वंश पुढे चालत नाही."

मी ओट्यावरच्या विरजणाकडे पाहिले. "यांच्यातही असेच?" "मध्य काढायची रीत वेगळी," ती म्हणाली, "कडे मात्र त्याच प्रथिनाचे." ते विरजण आईच्या हातचे. वाटणीच्या दिवशी वहिनीने न बोलता त्यातले चमचाभर नेले होते. सगळ्या घरात तेवढीच एक वस्तू, जी वाटल्याने कमी झाली नाही.

मी कपाटातून वहीचा माझा अर्धा भाग काढला आणि काही न बोलता मुक्ताच्या हातात दिला. तिनेही काही विचारले नाही.

यंदा वसुबारसेला ती आली ती दोन वह्या घेऊन. दोन्ही अर्ध्या भागांची पानन् पान प्रत काढून, लाल कापडात बांधून, एक इकडे, एक तिकडे. सत्तावीस वर्षांनी अनारशाचे पान सलग वाचले. तांदूळ तीन दिवस भिजवायचे होते, रोज पाणी बदलून. आम्ही एकच रात्र भिजवत होतो.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी पत्नीने तूप तापवले. पहिला अनारसा कढईत पडला, आणि भिंतीपलीकडून, विहिरीच्या बाजूने, खूप वर्षांत न ऐकलेला आवाज आला :

"काय रे, हसला का?"

मी परसात गेलो. "पहिला हसला, दादा," मी म्हणालो. "दुसरा बरा होईलसे वाटते. ये, बघायला ये."