सहा कर्ण

कामट्यांचा आकाशकंदील करायची रीत सांगायला फार वेळ लागत नाही. सारख्या मापाचे सहा चौकोन बांधायचे. त्यातले चार टोकावर उभे करून कोपऱ्याला कोपरा दोऱ्याने आवळायचा, की कडं तयार होतं. पाचवा चौकोन वरच्या चार टोकांना, सहावा खालच्या. मधे आठ त्रिकोण उरतात, ते वेगळे करावे लागत नाहीत. त्यांना दुसऱ्या रंगाचा पतंगी कागद लावायचा, कोपऱ्यांवर करंज्या, खाली झिरमिळ्या. भूमितीच्या पुस्तकात हा घनाष्टफलक, तेरा आर्किमिडीय घनाकृतींपैकी एक. माहीमच्या कंदील गल्लीत दिवाळीआधी तो दोरीवर लटकत असतो.

मी फॅब्रिकेशनवाला. गेट, ग्रिल, लोखंडी जिने, पत्र्याच्या शेड हे रोजचं काम. मंडळांसाठी चौकात उभे करायचे कंदील हे दिवाळीपुरतं, आणि त्यात पैसे सुटत नाहीत. तरी ते काम मी सोडत नाही, कारण एवढी गुणी आकृती गेट-ग्रिलच्या धंद्यात हाताला लागत नाही.

एक घन डोळ्यांसमोर आणा. त्याच्या बारा कडांचे मध्यबिंदू म्हणजे कंदिलाचे बारा कोपरे. म्हणून शेजारचे दोन चौकोन घनाच्या शेजारच्या दोन बाजूंवर बसतात, म्हणजेच एकमेकांशी काटकोनात. आता हे लोखंडात बघा. कंदिलाच्या चोवीस कडा म्हणजे सहा चौकोनांच्या प्रत्येकी चार. एकही कड दोन चौकोनांत सामाईक नाही. तेव्हा दीड इंची पाइपच्या सहा चौकटी शेडमध्ये जमिनीवर सपाट करायच्या. गुण्या लावायचा, टॅक मारायचे, दोन्ही कर्ण मोजायचे. दोन मीटरच्या चौकटीला ते 2828 मिलिमीटर भरले, की पक्कं वेल्डिंग. जोडाला काय लागतं? बाजारात मिळणाऱ्या 50 बाय 50 च्या अँगलचे बारा तुकडे. तो मुळातच काटकोनात असतो. एका बाजूला एका चौकटीचा कोपरा, दुसऱ्या बाजूला दुसरीचा, दोन-दोन बोल्ट. ना वाकडा कट, ना खास साचा. चौकटी टेम्पोत उभ्या करून न्यायच्या आणि चौकातच कसायच्या. ज्या मिस्त्रीने आयुष्यात फक्त खिडक्यांच्या ग्रिल केल्या, तोही हा कंदील बिनचूक करतो.

खरी गोम पुढे आहे. मंडळाची पोरं आली की मी त्यांना शरबताच्या नळ्यांचा छोटा सांगाडा देतो, कोपऱ्यात नुसता दोरा ओवलेला. म्हणतो, वरच्या त्रिकोणावर हात ठेवून दाबा. सांगाडा मोडत नाही, फिरतो. त्रिकोण तसेच राहतात, चौकोन तिरपे होत मिटत जातात आणि दाबत राहिलं की सगळा आकार लहान होत अष्टफलकात जाऊन बसतो. बकमिन्स्टर फुलर या अमेरिकन अभियंत्याला 1940च्या दशकात या हालचालीने इतकं वेड लावलं की त्याने तिला एका नाचाचं नाव दिलं, जिटरबग. चौकात नाचणारा कंदील मात्र कुणालाच नको असतो.

भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने 1864 साली याचा हिशोब मांडला. सांधे नुसते फिरते असतील तर कोपऱ्यांच्या संख्येची तिप्पट करा, सहा वजा करा. किमान तेवढ्या काठ्या हव्यात. इथे कोपरे बारा, म्हणजे काठ्या तीस. आपल्याकडे चोवीस. सहा कमी, आणि चौकोनही सहाच. प्रत्येक चौकोनाला एक कर्ण दिला की हिशोब पुरा. वेल्ड केलेला कोपरा थोडा धीर धरतो हे खरं, पण मग वाऱ्याचा सगळा पीळ वेल्डच्या टाचेवर येतो आणि तडा तिथूनच जातो.

घरच्या कंदिलात हे कर्ण कुठे असतात? कागदात. खळ लावून ताणून चिकटवलेला पतंगी कागद चौकोनाला तिरपा होऊ देत नाही. कागद चिकटवण्याआधी सांगाडा हातात घेऊन पाहा, लटलट हलतो; खळ वाळली की टणक. होल्डर अडकवायला वरच्या चौकोनात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत काडी बांधतात, तोही कर्णच. ज्याने पहिल्यांदा हे केलं, त्याने सजावट आणि बांधणी वेगळी मानली नाही.

दोन मीटरच्या चौकटीवर ही युक्ती चालत नाही. कापड कागदासारखं ताणलं तर कडांचे पाइप आत ओढले जातात, आणि नायलॉन भिजलं की सैल पडतं. दिवाळीत पाऊस कुठला म्हणाल, तर 2019 ची दिवाळी आठवा. अरबी समुद्रात क्यार वादळ होतं. वाऱ्याचा हिशोब तर ऐकणाऱ्याला खोटाच वाटतो. आयएस 875 या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरलाय. तात्पुरत्या बांधकामाची सूट घेऊनही, आठ चौरस मीटरच्या या आकारावर साधारण पाचशे किलोंचा आडवा रेटा येतो. सांगाड्याचं वजन सत्तर किलो! रस्ता खोदायची परवानगी नसते, म्हणून पायाखाली टनभर काँक्रीटचे ठोकळे ठेवतो आणि त्यावर कापड गुंडाळून लपवतो. लोकांना वाटतं ती रांगोळीची बैठक.

मग कर्ण द्यायचेच. खालचा चौकोन बैठकीला बोल्टने बांधला की त्याचा प्रश्न मिटतो. वरच्यात पाइप टाकतो, तिथे कुणी बघत नाही. उरतात दर्शनी चार, आणि तिथे उजेड आडवा येतो. पाइपचा कर्ण घातला की कापडावर काळा पट्टा. पाइपऐवजी चार मिलिमीटरचा वायररोप फुलीत ताणला तरी बारीक काळी फुली राहते, निदान मधोमध एकच दिवा असेल तोवर. शिवाय एका दिव्याने उजेडही सारखा पडत नाही. चौकोनाच्या मध्यावर जेवढा पडतो त्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा त्याच्या कोपऱ्याला मिळतो. घरी तो मधला उजळ ठिपका हवाहवासा वाटतो. चौकात तो हेडलाइटसारखा डोळ्यांत जातो.

म्हणून दिवा नाही, दिव्याचा खांब. तीस सेंटिमीटर जाडीची दुधी अ‍ॅक्रिलिकची नळी, आत पिवळसर एलईडी पट्ट्या, बैठकीपासून वरच्या चौकोनापर्यंत. उजेडाचा उगम रुंद झाला की बारीक वस्तूची गडद सावली फार दूर जात नाही. या मापात वायररोपची गडद सावली दोन सेंटिमीटरच्या आतच संपते. कापड दोरापासून तीन बोटं पुढे, वेगळ्या हलक्या चौकटीवर लावलं की फुली दिसत नाही. कापडाला आता भार घ्यायचा नाही, तेव्हा ते बेताचंच ताणायचं. वीज 24 व्होल्टची, मागे 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि स्वतंत्र अर्थिंग, कारण कंदिलाला टेकून सेल्फी काढणारे असतातच.

काही डिझायनर मित्र म्हणतात, कर्ण लपवता कशाला, दिसू द्या, तीच प्रामाणिक रचना. फ्लायओव्हरवर मला ते पटतं. कंदिलावर नाही.

त्रिपुरी पौर्णिमा झाली की बोल्ट सुटतात आणि सहाही चौकटी शेडच्या भिंतीला लागतात. यंदा मंडळाच्या अध्यक्षांनी आत्ताच विचारलंय, ‘काका, पुढच्या वर्षी तीन मीटरचा करू या का?’ मी त्यांना आकडे दिले. रेटा सव्वादोन पट, उलथवणारा जोर जवळजवळ साडेतीन पट. पाया रुंद केला तरी ठोकळे सव्वादोन टन. ते सगळं त्यांनी मान्य केलं, वर्गणी वाढवू म्हणाले. आता ते गल्लीच्या तोंडाशी टेप घेऊन गेलेत, कारण तीन मीटरची चौकट तिथून वळणार कशी, हे मी त्यांनाच मोजायला सांगितलंय.