फूल तोडू नका, फंडा घ्या!

पाऊस जरा ओसरला की पुण्या-मुंबईच्या ऑफिसांत एकच प्रश्न फिरायला लागतो, 'कासला कधी जायचं?' मग शनिवार ठरतो, गाडी ठरते आणि सोमवारी प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये तोच फोटो... आजूबाजूला गुलाबी फुलं, मध्ये आपण, डोळ्यांवर गॉगल! मस्तच. पण बॉस, कासहून आणण्यासारखी याहून भारी गोष्ट आहे. ती लॅपटॉपमध्ये मावते, तिचं वजन जेमतेम काही केबी असतं आणि ती आणताना एकही पाकळी तुटत नाही. फुलाचा नियम!

कोड्यात बोलत नाहीये. माझी एक मैत्रीण हिंजवडीत टेस्टिंग करते. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधायचे आणि रात्री फ्रॅक्टल फुलं बनवायची, हा तिचा उद्योग. चित्रं दिसायला एकदम झकास. काळ्या पार्श्वभूमीवर निळ्या-जांभळ्या, धुरासारख्या पाकळ्या. पण गेले काही महिने बाईसाहेब वैतागल्या होत्या. 'सगळी फुलं सारखीच दिसतात गं. ती सॉफ्टवेअर बनवतंय, मी नाही. आणि खरं फूल नीट कधी बघितलं, तेही आठवत नाही!' प्रकरण छंद सोडण्यापर्यंत आलं होतं. म्हणून सप्टेंबरातल्या एका बुधवारी तिने सुट्टी टाकली (मी फ्रीलान्सर, मला कसली आलीय सुट्टी!) आणि आम्ही दोघींनी स्वारगेटहून साताऱ्याची एसटी पकडली.

फ्रॅक्टल म्हणजे काय रे भाऊ?

सोपं आहे. भाजीचा फ्लॉवर घ्या. त्याचा एक तुरा तोडा, तो अख्ख्या गड्ड्याची छोटी कॉपी वाटतो. त्या तुऱ्याचा तुकडा केला, तरी तेच. छोटा भाग पूर्णासारखा दिसणं, हा फ्रॅक्टलचा मुख्य फंडा. हा शब्द बेन्वा मॅन्डेलब्रॉट या गणितज्ञाने १९७५मध्ये रूढ केला. पुढे मायकेल बार्न्सली यांनी फक्त चार नियमांतून नेच्याचं हुबेहूब पान काढून दाखवलं. १९९२मध्ये स्कॉट ड्रेव्हज यांनी 'फ्रॅक्टल फ्लेम' ही पद्धत शोधली आणि गणिताचं चित्र ज्वाळेसारखं तलम झालं. माझी मैत्रीण वापरते ते 'अ‍ॅपोफिसिस' हे फुकट सॉफ्टवेअर याच पद्धतीवर चालतं.

आत काय होतं? कॉम्प्युटर एक ठिपका घेतो. आपण दिलेल्या नियमांपैकी एक नियम चिठ्ठी उचलल्यासारखा निवडतो: थोडं फिर, थोडं लहान हो, तिकडे सरक. ठिपका उडी मारतो. परत चिठ्ठी, परत उडी. अशा कोट्यवधी उड्या! जिथे ठिपके जास्त पडतात तो भाग उजळतो, आणि हळूहळू अंधारातून फूल वर येतं.

आधी गुडघ्यांवर बसा

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून साधारण २५ किलोमीटरवर कास. उंची सुमारे १२०० मीटर. खाली जांभा दगड, त्यावर मातीचा जेमतेम थर. एवढ्याशा मातीत फुलझाडांच्या ८५०हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत! २०१२मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, त्या यादीत कासही आहे. माती कसदार नाही, म्हणून काही झाडांनी पोटापाण्याची दुसरी सोय केलीय. 'सीतेची आसवं' हे नाजूक निळं-जांभळं फूल दिसायला अगदी गरीब, पण त्याचं झाड बारीक पिशव्यांमध्ये जीव पकडून खातं.

आजूबाजूच्या गावांतली मंडळीच इथली व्यवस्था बघतात. आम्हाला वाट दाखवणारे दादाही जवळच्याच गावातले. दहा मिनिटांत त्यांनी आमची शाळा घेतली. हा गुलाबी गालिचा तेरड्याचा. पिवळ्या फुलावर दोन लाल ठिपके दिसले की तो कवला, म्हणजेच पर्यटकांचा लाडका 'मिकी माऊस'. पांढऱ्या गुंड्या पसरल्यासारखं दिसतंय तो गेंद. आणि सोनकी? तिची एकेक 'पाकळी' म्हणजे खरं तर स्वतंत्र फूल, मधल्या पिवळ्या चकतीतला एकेक ठिपकाही फूलच. म्हणजे आपण एक समजतो, ती फुलांची अख्खी सोसायटी असते!

मैत्रीण मात्र एका पांढऱ्या छत्रीसमोर अडकली होती. 'दादा, हे काय?'

'पंद. कोथिंबिरीची बहीण समजा. बघा ताई, पण पाय तेवढा वाटेवरच ठेवा. इथली माती एकदा दबली की लवकर सुधरत नाही.'

ती वाटेवरच गुडघ्यांवर बसली आणि मोबाइल खिशात ठेवून वही काढली. एका देठातून छत्रीसारख्या काड्या फुटलेल्या. प्रत्येक काडीच्या टोकाला परत तशीच छोटी छत्री. मोठ्या छत्रीत छोट्या छत्र्या, दोन पायऱ्या. कडेच्या फुलांच्या पाकळ्या आतल्यांपेक्षा मोठ्या. तिने काड्या मोजल्या, कोन अंदाजाने काढून घेतले. अर्धा तास एकाच रोपापाशी! तेवढ्यात पलीकडे एक ग्रुप फोटोसाठी थेट तेरड्यात आडवा व्हायला निघाला, आणि दादा शिट्टी फुंकत धावले. तेव्हा मला पहिल्यांदा लख्ख कळलं, की फूल 'घेण्याचे' दोन प्रकार आहेत.

लॅपटॉपवर बाग

रात्री साताऱ्यातल्या लॉजवर कंदी पेढ्यांचा बॉक्स मध्ये ठेवून काम सुरू झालं. अ‍ॅपोफिसिसमध्ये प्रत्येक नियम म्हणजे एक त्रिकोण. त्रिकोण फिरवा, लहान करा, सरकवा, चित्र बदलतं.

पहिला नंबर सोनकीचा. पहिला नियम: १३७.५ अंशांत फिर आणि ०.९८ पट लहान हो. दुसरा नियम: अख्ख्या चित्राची एक छोटी कॉपी कडेला ठेव. पहिल्याची चिठ्ठी वारंवार निघेल, दुसऱ्याची क्वचित, असं ठरवायचं. झालं! कडेपासून मध्यापर्यंत फिरत, लहान होत जाणारी फुलांची चकती तयार. आता गंमत म्हणून १३७.५च्या जागी १३५ टाका. फुलाच्या जागी आठ सरळ दांड्यांचं चाक! कारण आठ वेळा १३५ म्हणजे बरोबर तीन फेऱ्या, मग नववी कॉपी पहिलीच्याच रेषेत येऊन बसते. १३७.५ला अशी रांग जुळत नाही, म्हणून जागा भरगच्च भरते. हेल्मुट फोगेल यांनी १९७९मध्ये सूर्यफुलाच्या चकतीसाठी मांडलेलं गणित याच कोनावर उभं आहे. अडीच अंशांचा फरक, आणि फुलाचं चाक!

मग पंद. वहीत मोजल्या तेवढ्या काड्या, तितक्याच छोट्या कॉप्या गोलाकार लावल्या, बाहेरच्या बाजूला जरा ताणल्या. रंगही तिथलेच, मोबाइलमधल्या पठाराच्या फोटोवरून सॉफ्टवेअरला रंगपट्टी बनवायला लावली. मोठ्या साइजचं चित्र रात्रभर रेंडरला लावलं आणि लॅपटॉपच्या पंख्याची घरघर ऐकत झोपलो.

थांबायचं कुठे?

सकाळी चित्र तयार होतं. छत्रीत छत्री, तिच्यात छत्री, तिच्यातही... संपतच नाही! सॉलिड. मैत्रिणीने ते लगेच दादांना व्हॉट्सअ‍ॅप केलं. उत्तर आलं: 'पंदच वाटतंय. पण एवढं गच्च नसतंय ताई. वाऱ्यात मोडंल.'

ती बराच वेळ मेसेजकडे बघत राहिली. कॉम्प्युटरला थांबायचं कुठे ते कळत नाही. खऱ्या फुलाला वारा, पाऊस, किडे सांभाळायचे असतात, दोन-तीन महिन्यांत बी धरून मोकळं व्हायचं असतं. पंद दोन पायऱ्यांवर थांबतं. अ‍ॅपोफिसिसच्या नव्या आवृत्त्यांत कुठल्या नियमानंतर कुठला नियम लागू द्यायचा, हे ठरवायची सोय आहे. ती वापरून तिने तिसऱ्या पायरीचा रस्ताच बंद केला. नवं चित्र आधीच्यापेक्षा साधं होतं, बरंच मोकळं. पण त्यात काड्यांमधून हवा जातेय असं वाटत होतं. 'हे माझं आहे,' ती म्हणाली. छंद वाचला!

त्या चित्राची मूळ फाइल म्हणजे काही ओळींचे आकडे. ती मित्राला मेल करता येते, बदलता येते, त्यातून नवं फूल उगवतं. आणि पठारावरचं पंद जागच्या जागी असतं, बी धरायला मोकळं.

जायचंय?

कधी: ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. दर एक-दोन आठवड्यांनी रंग बदलतो. जमलं तर वीकेण्ड टाळा.

कसं: पुण्याहून सातारा साधारण ११० किलोमीटर. तिथून यवतेश्वर घाटमार्गे कास. हंगामात आगाऊ नोंदणी करूनच निघा, रोज किती जणांना सोडायचं याला मर्यादा असते.

सोबत: वही, पेन्सिल, साधं भिंग, रेनकोट. वाटाड्या जरूर घ्या, पायवाट सोडू नका.

घरी आल्यावर: विंडोज असेल तर अ‍ॅपोफिसिस, मॅक असेल तर जेवाइल्डफायर. दोन्ही फुकट. सुरुवात दोनच नियमांनी करा. आणि पहिला आकडा टाका, १३७.५!