न सांगितलेलें

मनुष्य खोटें बोलून जितकें नुकसान करतो त्याहून अधिक तो न बोलून करतो, असें आमचें अलीकडे मत झालें आहे. हें मत कोणा साधुपुरुषानें दिलेलें नाहीं. नांदेडच्या एका प्रयोगशाळेंत एका यंत्रानें तें आमच्या गळीं उतरविलें.

लातूरचा एक विद्यार्थी प्रकल्पासाठीं आमच्याकडे येत असे. प्रोसेसरला स्वतःची ओळख सांगावयास लावणारी सीपीयूआयडी नांवाची एक आज्ञा आहे. सी भाषेंत तिला प्रतिशब्द नाहीं. म्हणून असेंब्लीच्या दोन ओळी सीच्या पोटांत कशा बसवाव्या, तें आम्हींच त्याला लिहून दिलें. परीक्षेच्या दिवशीं आम्हीं त्याचा प्रोग्रॅम वेगाचा हुकूम देऊन चालविला, आणि त्याच्या यादीच्या फेऱ्या भलत्याच चुकल्या. ‘सर, घरी चालत होतं,’ एवढेंच तो म्हणाला. आम्हीं गुण कापले. तो मुकाट्यानें लातूरच्या गाडीला गेला.

रात्रीं आम्ही त्या ओळी पाहूं लागलों. रजिस्टर म्हणजे येथें हजेरीचें पुस्तक नव्हे. प्रोसेसरच्या अगदीं हाताशीं असलेला तो एक इवलासा कप्पा. आजच्या नेहमींच्या चौसष्ट-बिटी इंटेल घराण्याच्या प्रोसेसरांत असे सर्वसाधारण कप्पे बहुधा १६, आणि प्रोग्रॅममधील संख्या शेंकडों. त्यांची वाटणी कंपायलर करतो. १९८१ सालीं ग्रेगरी चेटिन व त्याचे सहकारी यांनीं ही वाटणी नकाशा रंगविण्यासारखी करून दाखविली. नांदेड व लातूर यांची शीव एक, म्हणून त्यांना एक रंग देतां येत नाहीं. लातूर व जालना यांना खुशाल द्यावा. तशाच एकाच वेळीं जिवंत असलेल्या दोन निरनिराळ्या संख्या एका कप्प्यांत नांदत नाहींत.

परंतु असेंब्लीच्या ओळींपाशीं हा चतुर कारभारी डोळे मिटून घेतो. जीएनयूचा कंपायलर त्या ओळींचा अर्थ लावीत बसत नाहीं. सोबतच्या यादीवर तो विसंबतो. आंत काय घेतलें, बाहेर काय दिलें, आणखी कोणते कप्पे बिघडले, एवढेंच त्याला आपण कळवावयाचें. सीपीयूआयडी चार कप्प्यांत लिहिते. आम्हीं तीनच कळविले होते. चौथ्या, ईबीएक्स नांवाच्या कप्प्यांत, कंपायलरनें फेऱ्यांची मोजणी निर्धास्तपणें ठेवली होती. घरीं वेगाचा हुकूम नव्हता; तेव्हां ती मोजणी कप्प्याऐवजीं मेमरींत सुखरूप राहिली.

आमच्या गृहिणीला हें सांगितलें तेव्हां ती म्हणाली, ‘पाहुण्यानं न सांगता विरजणाचं भांडं घासून ठेवलं, तर दोष दह्याचा का?’

यादींत चौथें नांव घातलें. प्रोग्रॅम सुरळीत चालला. कंपायलरनें आमच्या ओळी न वाचतां आमच्यावर विश्वास ठेवला होता. आम्हीं स्वतःच्याच ओळी न वाचतां विद्यार्थ्यावर अविश्वास दाखविला.

रविवारीं लातूरला जाऊन आम्हीं त्याची क्षमा मागितली व गुण परत केल्याचें सांगितलें. तो संकोचानें म्हणाला, ‘सर, मला त्या ओळींची शंका आली होती, पण त्या तुम्ही दिलेल्या, म्हणून बोललो नाही.’

त्याच्या यादींतही एक नांव राहिलेंच होतें. मात्र तें लिहावयाचें धैर्य त्याला आम्हीं कधीं दिलें नव्हतें.