अठराव्या वर्षींचें भाकीत

वर्तमानपत्रांतील खेळांचें पान तळणाचें तेल टिपण्यास प्रथम काढावें, असा आमच्या घरांतील जुना संकेत आहे. अशा घरांत जन्मून, आजोबांपाशीं रूपावली घोकून व पुढें चौतीस वर्षें मुलांना संस्कृत आणि व्याकरण शिकवून, आज सदुसष्टाव्या वर्षीं मी एका परक्या देशांतील चेंडूच्या खेळाविषयीं लिहावयास बसलों आहें. वाचकांपैकीं जे माझे जुने विद्यार्थी असतील ते गालांत हंसतील. हंसोत बापडे.

२०२५ सालच्या जूनमध्यें मी माझ्या धाकट्या बंधूंच्या मुलाकडे मेलबर्न येथें तीन महिने राहून आलों. आपल्याकडे मृग लागतो तेव्हां तिकडे थंडी पडूं लागते, आणि ती थंडी म्हणजेच तेथील फुटबॉलचा हंगाम. त्या शहरांत नव्या माणसाची ओळख झाली कीं नांवाच्या पाठोपाठ "तुम्ही कोणत्या संघाचे?" असें विचारतात. आपण गोत्र विचारावें, तसेंच तें. त्या सर्व देशाच्या अठरा संघांपैकीं नऊ संघ एकट्या मेलबर्नचे. रिचमंड, कार्लटन, कॉलिंगवुड हीं मुळांत त्या शहरांतील वस्त्यांचींच नांवें. संघ बापाकडून मुलाकडे जातो. माझ्या पुतण्याला तेथें बाप नव्हता. म्हणून शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनीं पहिल्याच हिंवाळ्यांत रिचमंडचा पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा मफलर त्याच्या गळ्यांत घातला. तेव्हांपासून हा त्यांच्या गोत्रांतला.

खेळ थोडक्यांत सांगतों. मैदान लंबवर्तुळाकार, बहुधा क्रिकेटचेंच. दोन्ही पक्षांस अठरा-अठरा गडी. चेंडू नारळासारखा लांबट. तो हातानें फेंकावयाचा नाहीं, एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीनें ठोसावयाचा, किंवा पायानें उडवावयाचा. उंचावरून येणारा चेंडू झेलण्यासाठीं हे गडी एकमेकांच्या पाठीवर गुडघे टेंकून असे उसळतात कीं प्रथम पाहतांना माझा श्वास अडकला. दोन्ही टोकांस चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू मारला तर सहा गुण. नेम थोडा चुकून बाजूच्या आंखूड खांबाच्या आंतून गेला तर एक. उत्तर चुकलें तरी रीतीचा गुण द्यावा, असा आग्रह मी शाळेंत गणिताच्या शिक्षकांशीं जन्मभर धरला. ते मानीत नसत. मेलबर्नच्या लोकांनीं तें तत्त्व केव्हांच मानलेलें पाहून मला या खेळाविषयीं आपुलकी वाटूं लागली. त्याचे नियम तेथेंच १८५९ सालीं लिहिले गेले.

परंतु मला खेळापेक्षां खेळाविषयींचें बोलणें अधिक ओळखीचें वाटलें. दर गुरुवारीं संध्याकाळीं संघाची यादी जाहीर होते. त्या वेळीं शेजारचे ते वृद्ध गृहस्थ आपली मोटार रस्त्यावर उभी करीत आणि गॅरेजमध्यें विजेची शेगडी लावून खुर्च्या मांडीत. ते स्वतः, रुग्णालयांत परिचारिका असलेली त्यांची मुलगी, कोपऱ्यावरचा ग्रीक वंशाचा फळविक्या, माझा पुतण्या, आणि शाल पांघरून मी. वाद एकच असे : हीं नवीं मुलें पुढें काय होतील?

याला कारण होतें. तेथील लीगनें १९८६ पासून एक पद्धत चालू केली आहे. तिला ड्राफ्ट म्हणतात. हंगाम संपल्यावर देशांतील अठरा वर्षांच्या होतकरू मुलांतून संघ आळीपाळीनें निवड करतात, आणि जो संघ त्या वर्षीं तळाला राहिला असेल त्याचा पहिला मान. आपल्याकडे पहिल्या नंबरचा मुलगा पहिल्या नंबरच्या कॉलेजांत जातो. तेथें पहिल्या नंबरचा मुलगा शेवटच्या नंबराच्या घरीं देतात. २०२४ सालीं रिचमंड अगदीं तळाला गेलें. जुने शूर गडी निवृत्त झाले वा दुसरीकडे गेले, आणि त्या सालच्या निवडींत अर्ध्या डझनाहून अधिक कोंवळीं मुलें एकदम घरांत आलीं. एवढीं नवीं मुलें एकदम आलीं म्हणजे घरांतील वडीलधाऱ्यांच्या जिभेला विसांवा कोठला!

"याचे पाय जड आहेत." "डाव्या पायानें मारतां येत नाहीं." "उंची चांगली, पण गर्दींत बिचकतो." "अजून अंग भरावयाचें आहे, दोन वर्षें थांबा." पुतण्या मला हळूच मराठींत सांगे, आणि मला वाटे, हें मीं कोठें तरी ऐकलें आहे. स्थळें पाहून आल्यावर ओसरीवर बसणाऱ्या मंडळींची भाषा याहून वेगळी ती काय? सर्वांत तीक्ष्ण नजर त्या परिचारिकेची होती. गडी पडल्यावर कसा उठतो यावरून ती त्याची पारख करी.

त्या वृद्ध गृहस्थांपाशीं एक जाड वही होती. ते मूळचे छापखान्यांतील, अक्षर नेटकें. १९८६ पासून संघांत येणाऱ्या प्रत्येक मुलाचें नांव, आणि त्यापुढें तो काय होईल याविषयीं स्वतःचें भाकीत, निळ्या शाईनें. पुढें खरोखर काय झालें तें तांबड्या शाईनें. दुसऱ्या संघांच्या गाजलेल्या निवडींसाठीं मागें वेगळीं पानें. चौतीस वर्षें प्रगतिपुस्तकें भरणाऱ्या माझ्यासारख्याला अशी वही ठेवण्याची बुद्धि एकदांहि झाली नाहीं. झाली असती तर तांबडी शाई फार लागली असती.

एके दिवशीं त्यांनीं मला २००४ सालचें पान दाखविलें. त्या वर्षीं रिचमंडनें चौथ्या क्रमांकावर रिचर्ड टँब्लिंग हा मुलगा घेतला. लगेच पांचव्या क्रमांकावर हॉथॉर्ननें लान्स फ्रँकलिन घेतला. दोघेहि तेथील मूळ निवासी समाजांतले. फ्रँकलिननें पुढें हजाराहून अधिक गोल केले. २०२२ सालीं सिडनीच्या मैदानावर त्यानें हजारावा गोल मारला तेव्हां हजारों माणसें कुंपण ओलांडून त्याच्याभोंवतीं धांवलीं. टँब्लिंग वाईट खेळला का? मुळींच नाहीं. तो शंभराहून अधिक सामने खेळला, आणि हजारों मुलांतून एखाद्यालाच तें साधतें. परंतु प्रत्येक सामन्यांत लोक त्याच्याकडे पाहून दुसऱ्याचाच हिशेब करीत. निवड केली संघाच्या चालकांनीं, आणि तिचें ओझें वर्षानुवर्षें वाहिलें त्या पोरानें. वहींत निळ्या शाईनें लिहिलें होतें : 'उत्तम निवड'. तांबड्या शाईनें त्याखालीं कांहींच नव्हतें. मीं कारण विचारलें. वृद्ध म्हणाले, "मी स्वतः कुंपणापाशीं उभा राहून त्याला ओरडत असें. मग तांबड्या शाईनें काय लिहूं?"

त्या वहींतील आणखी कित्येक गोष्टी मला कांदंबरीहून सरस वाटल्या. जेम्स हर्ड हा १९९० सालीं एसेंडननें एकोणऐंशीव्या क्रमांकावर उचललेला मुलगा. सहा वर्षांत त्यानें सर्वश्रेष्ठ खेळाडूचें ब्राउनलो पदक विभागून मिळविलें आणि पुढें तो कर्णधारहि झाला. २००९ सालीं मेलबर्न संघाच्या वांट्याला पहिल्या दोन्ही निवडी आल्या. त्यांतील दुसरा जॅक ट्रेंगोव्ह; त्याला विसाव्या वर्षींच कर्णधार केलें. इतका लहान कर्णधार लीगच्या इतिहासांत झाला नव्हता. पुढें पायाचें हाड दुखावून त्याचीं ऐन उमेदीचीं वर्षें गेलीं. तिसऱ्या क्रमांकावर रिचमंडला मिळाला तो डस्टिन मार्टिन. २०१७, २०१९ आणि २०२० या तिन्ही अंतिम सामन्यांत रिचमंड जिंकलें, आणि तिन्हींत सर्वोत्तम खेळाडू तोच. त्या २०१७ पूर्वीं सदतीस वर्षें रिचमंडला विजेतेपद मिळालें नव्हतें. "आणि हा पाहा," असें म्हणून वृद्धांनीं मार्लियन पिकेटचें नांव दाखविलें. हा आयुष्यांतला पहिला वरिष्ठ सामना खेळला तो थेट २०१९ चा अंतिम सामना, सत्ताविसाव्या वर्षीं! अठराव्या वर्षीं त्याचें नांव ना या वहींत होतें, ना कोणाच्या तोंडीं.

द्रोणाचार्यांनीं झाडावरच्या पक्ष्याची परीक्षा घेतली, ती आपण लहानपणापासून ऐकतों. एक उत्तीर्ण झाला. बाकीचे मान खालीं घालून रांगेंत परत उभे राहिले, त्यांचें त्या रात्रीं काय झालें असेल, हें मीं इतकी वर्षें ती गोष्ट सांगूनहि कोणत्या वर्गास विचारलें नाहीं.

आतां घरची गोष्ट सांगतों, कारण ती सांगावयाची नसती तर हा लेख लिहिलाच नसता.

१९९९ च्या जूनमध्यें दहावीचा निकाल लागला. माझा मुलगा आणि हा पुतण्या एकाच वर्गांत. वाईचें आमचें घर तेव्हां भरलेलें. रात्रीं पंगतीला चौदा पानें. माझ्या मुलाला चौऱ्यायशीं टक्के, पुतण्याला सत्तेचाळीस. घरांतील मास्तर मी, म्हणून अशा विषयांत शेवटचा शब्द माझा. जेवतां जेवतां मीं निर्णय दिला, "याच्या डोक्यांत विद्या शिरावयाची नाहीं. कोठें तरी मोटारीच्या गॅरेजांत चिकटवून द्या, म्हणजे पोटापुरतें मिळवील." बंधूंनीं मान वर केली नाहीं. त्यांच्या कुटुंबाच्या हातांत आमटीचें पातेलें होतें. पळी क्षणभर तशीच राहिली. मुलगा माझ्यासमोरच बसला होता. माझ्या स्वतःच्या मुलालाहि मीं सोडलें नाहीं. तो बोर्डांत येणार असें मीं गांवभर सांगितलें होतें. आला नाहीं, म्हणून आठवडाभर त्याच्याशीं धड बोललों नाहीं. एकास कमी मोजलें, दुसऱ्यास अधिक मोजलें, आणि दोघांसहि शिक्षा केली.

पुतण्या आय. टी. आय. मध्यें गेला. मागून त्यानें डिप्लोमा केला, पुण्यास कारखान्यांत दहा-बारा वर्षें काढलीं, आणि आज तो मेलबर्नच्या ट्रामगाड्यांच्या दुरुस्तीच्या कारखान्यांत आहे. वडील गेल्यावर वाईच्या घराचें छप्पर दोनदां त्याच्याच पैशांनीं दुरुस्त झालें. कोणी म्हणेल, मास्तर, तुमचें भाकीत खरेंच ठरलें कीं! तें म्हणणें मला अधिक बोंचतें. यंत्रांत त्याचें मन होतें हें मला दिसलें होतें. मीं तें दूषण म्हणून सांगितलें.

जुलैंतील एका शनिवारीं आम्ही मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर सामना पाहावयास गेलों. तें मैदान लाखभर माणसांचें. दोन्ही पक्षांचे लोक एकमेकांना लागून बसतात आणि भांडतहि नाहींत. रिचमंड हरत होतें. ज्या एका मुलावरून गुरुवारीं सर्वांत अधिक वाद झाला होता त्याच्याकडे, खांबांपासून फार तर पंचवीस पावलांवर, चेंडू आला. त्या मुलाचें नांव मी येथें लिहीत नाहीं; त्याचें काय व्हावयाचें तें होऊं द्यावें. चेंडू हातांतून निसटला. आमच्या मागच्या रांगेंतील एक गृहस्थ उभे राहून ओरडले. त्यांतील मला एवढेंच कळलें कीं याला घरीं पाठवा. माझा पुतण्या सहसा कोणाशीं बोलत नाहीं. तो मागें वळला आणि अगदीं शांतपणें इंग्रजींत म्हणाला, "एकोणीस वर्षांचा आहे तो." बस्स. ते गृहस्थ खालीं बसले. माझ्या हातांतला कागदी पेला थंड झाला तरी मी तसाच बसून होतों.

परततांना रिचमंड स्टेशनावर गर्दी फार. गाडींत मला बसावयास जागा मिळाली. तो वरच्या कडीला धरून उभा होता. मीं फार दिवसांचें विचारलें, "तुला तो दहावीच्या निकालाचा दिवस आठवतो का रे?"

तो खिडकींतून पाहत होता. "कोणता?" म्हणाला. मग दोन स्टेशनें गेल्यावर आपण होऊन म्हणाला, "त्या दिवशीं आमटी फार तिखट झाली होती, काका. आईच्या हातून तिखट दोनदां पडलें होतें."

मला पुढें शब्द सुचेना. "माझें चुकलें" हे दोन शब्द संस्कृतांत मीं किती प्रकारें शिकविले असतील! मराठींत ते घशाबाहेर यावयास स्टेशन यावें लागलें. त्यानें ऐकलें कीं नाहीं, गर्दींत कळलें नाहीं. "आपलें स्टेशन आलें," तो म्हणाला, आणि माझा मफलर नीट गुंडाळून मला हात धरून उतरविलें.

पुढच्या गुरुवारीं गॅरेजांत त्याच मुलावरून पुनः वाद पेटला. फळविक्या म्हणे, त्याला खालच्या संघांत पाठवा; परिचारिका म्हणे, चेंडू सुटल्यावर तो ज्या वेगानें मागें धांवला तें कोणी पाहिलें का? अखेर वृद्ध गृहस्थ माझ्याकडे वळले. तुम्ही जन्मभर मुलें पाहिलीं आहेत, तुम्हीच सांगा, हा होईल कीं नाहीं? पुतण्यानें प्रश्न मराठींत केला आणि माझ्याकडे पाहत राहिला.

मीं सांगितलें, "मला कळत नाहीं म्हणून सांग."

त्यानें तें सांगितलें. म्हातारे मोठ्यानें हंसले, टेबलावरची वही त्यांनीं जवळ ओढली आणि त्या मुलाच्या नांवापुढें निळ्या शाईनें कांहीं तरी लिहिलें. काय लिहिलें तें मला दिसलें नाहीं. माझा चष्मा घरीं राहिला होता.